टॉलपडलची प्रार्थना



युनियनचा माणूस ख्रिस्ती प्रार्थनेवर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. मी ख्रिस्ती नाही; शाळाही सातवीनंतर सुटली. पण आमच्या चळवळीचा माग काढीत गेलो की वाट एका प्रार्थनामंदिराशी जाते, त्याला माझा इलाज नाही.

इंग्लंडात डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचे खेडे आहे. तेथील शेतमजुरांची आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ८, मग ७ अशी उतरली; ६ वर येण्याची धास्ती पडली. तेव्हा १८३३ साली त्यांनी संघ काढला. संघ काढणे गुन्हा नव्हता, म्हणून गुप्त शपथ घेतल्याचा आरोप ठेवून १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षांचे काळे पाणी दिले. लोकांनी गदारोळ केला, तेव्हा १८३६ मध्ये माफी मिळाली. सहांपैकी पाच मेथडिस्ट पंथाचे. पुढारी जॉर्ज लव्हलेस हा रविवारी प्रवचन करणारा शेतमजूर.

मेथडिस्टांत दहाबारा जणांचे वर्ग असत. आठवड्यातून एकदा जमायचे, पेनीची वर्गणी द्यायची, आपले मन कुठे घसरले ते प्रत्येकाने सांगायचे आणि मिळून प्रार्थना करायची. धन्यापुढे मान वर न करणारा तेथे उभा राहून बोलू लागला. या पंथाचे वरिष्ठ मजुरांना मुकाट राहण्याचा उपदेश करीत, हेही खरे!

मला लागली ती दुसरी गोष्ट: आधी स्वतःची चूक. १९९७ साली एका कारखान्याच्या फाटकावर, कमिटीला न विचारता, रागाच्या भरात मी संप पुकारला. अकरा जणांची नोकरी गेली. वर्षभर मी मालकाला शिव्या देत होतो. एके दिवशी त्यांतल्या एकाच्या आईने विचारले, "दादा, तुमचं काय गेलं?"

लव्हलेसची हकीकत मी त्यानंतर वाचली. आता कमिटीची बैठक सुरू होण्यापूर्वी आम्ही पाच मिनिटे गप्प बसतो, मग पहिली चूक मी माझी सांगतो. ही प्रार्थना म्हणायची का, असे मी चर्चला जाणाऱ्या एका सोबत्याला विचारले. तो म्हणाला, "आम्ही कुणाशी तरी बोलतो. तुम्ही कुणाशी बोलता?"

त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही.