मॉरिशसपासून आपण काय घ्यावे?
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



परक्यांचे राज्य गेल्यावर लहान देशाने कसे उभे राहावे, या प्रश्नासाठी मी मॉरिशसचे उदाहरण घेतो आहे. एक तर तो देश बहुभाषी, बहुधर्मी आहे. दुसरे, रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या आपल्या माणसांचे वंशज तिथे आहेत.

१९६१ साली जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने या बेटाविषयी अतिशय निराशाजनक अहवाल दिला होता. लोकसंख्या वाढती आणि निर्यात जवळजवळ केवळ साखरेची. शिवाय समाज दुभंगलेला. १९६७च्या निवडणुकीत स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला सुमारे ४४ टक्के मते होती. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगल झाली, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ मार्चला, देश स्वतंत्र झाला.

तरीही देश बुडाला नाही. पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी १९६९ मध्ये त्याच विरोधी पक्षाला सरकारात घेतले. १९७० मध्ये निर्यात उद्योगांसाठी कायदा झाला, पुढे कापड गिरण्या आल्या. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. सगळेच गोड होते असे मात्र नाही. १९७१ मध्ये आणीबाणी लागली आणि निवडणूक १९७६ पर्यंत लांबली. परंतु १९८२ मध्ये सत्ताधारी पक्ष साफ हरला, आणि सत्ता शांतपणे हातात हात घालून दुसरीकडे गेली. नव्याने स्वतंत्र झालेल्या फार थोड्या देशांना हे साधले.

आता आपल्या कामाचा मुद्दा. तिथल्या संविधानाने लोकांचे चार समाज मानले: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सर्व. निवडून आलेल्यांत एखादा समाज कमी पडला, तर पराभूत उमेदवारांतून आठपर्यंत जागा भरता येतात. अल्पसंख्याकांची भीती घालवण्यासाठी ही सोय होती, आणि त्या काळी तिचा उपयोगही झाला. पण समाजाची शेवटची नोंद १९७२च्या जनगणनेत झाली, आणि त्याच जुन्या आकड्यांवर आजवर हिशेब चालतो. ज्यांनी अर्जात आपला समाज लिहायला नकार दिला, त्यांची उमेदवारी नाकारली गेली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यांच्या बाजूने मत दिले. २०१४च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली, मूळ प्रश्न तसाच राहिला. एकदा चिकटवलेली चिठ्ठी काढणे किती अवघड, हे यावरून दिसते.

या चार समाजांत मराठी माणसाचे वेगळे नाव नाही. तो हिंदूंत मोजला जातो. तरीही तिथे प्राथमिक शाळांत मराठी शिकवली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे शिक्षण मिळते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. म्हणजे राखीव जागेवाचूनही भाषेला मान मिळाला. पण घरात काय? तिथल्या बहुतेक मराठी घरांत आज क्रिओल बोलली जाते. सरकारने वर्ग उघडला, घरातले बोलणे मात्र हळूहळू बदलत गेले.

आपल्याकडेही १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते राज्यांना सांगते. निवडणूक आली की आपल्यापैकी किती जणांना उमेदवारी मिळाली, याची चर्चा आपण रात्र रात्र करतो. या कलमाखाली आपण किती अर्ज केले? मराठी वर्गाला पट नाही म्हणून तो बंद होतो तेव्हा आपली नातवंडे कोणत्या शाळेत असतात? पट नसेल तर कोणत्या तोंडाने मागणी करायची?

उमेदवारी मागू नये असे मी म्हणत नाही. आपल्यातला माणूस सभागृहात असणे चांगलेच. पण तो गेला म्हणून भाषा टिकेल, या भरवशावर राहू नये. येत्या जूनपूर्वी मंडळाने घरोघर जाऊन शाळेत जाणाऱ्या मुलांची यादी करावी, पालकांच्या सह्या घ्याव्यात आणि तो अर्ज शिक्षण खात्याकडे रीतसर द्यावा. आणि त्या यादीत पहिली नावे कार्यकारिणीच्या घरची असावीत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.