संगमावरच्या समाधी आणि गांवाचें कर्तव्य

साताऱ्याच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर वेण्णा नदी कृष्णेला मिळते. या संगमाच्या परिसरांत कृष्णेच्या एका तीरावर क्षेत्र माहुली व दुसऱ्या तीरावर संगम माहुली अशीं दोन गांवें वसलेलीं आहेत. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनीं इ. स. १७३५ च्या सुमारास बांधविलेलें विश्वेश्वराचें देऊळ येथेंच आहे. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे मूळचे याच गांवचे. साताऱ्यांतील माणसाची अखेरची यात्रा आजही बहुधा याच वाटेनें जाते. ज्या घाटावर राजांना अग्नि मिळाला, त्याच्याच आसपास हमालाला आणि शिक्षकालाही मिळतो. मरणाची ही समता पाहावयाची असेल, तर माहुलीइतकें योग्य स्थान दुसरें नाहीं.

छत्रपति शाहूमहाराज १७४९ च्या डिसेंबरांत निवर्तले, तेव्हां त्यांचें दहन येथेंच झालें. महाराजांच्या एका लाडक्या कुत्र्याची हकीकत ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत दिली आहे. शिकारींत या कुत्र्यानें धन्याला वाघापासून वांचविलें. महाराजांनीं त्याला जहागीर व पालखीचा मान दिला; इतकेंच नव्हे, तर एकदां दरबारांत त्याला भरजरी वस्त्रें घालून आपली पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली. माहुलीस त्या कुत्र्याचीही समाधी दाखवितात. मुक्या जनावराची कृतज्ञता दगडांत कोरून ठेवणारा हा समाज आपल्या माणसांच्या समाधींविषयीं मात्र किती विसराळू असावा!

महाराणी येसूबाईंचेंच उदाहरण घ्या. १६८९ सालीं रायगड पडला आणि त्या बाळ शाहूसह मोगलांच्या हातीं सांपडल्या. १७१९ सालीं त्या दिल्लीहून परतल्या. उणींपुरीं तीस वर्षें त्यांनीं कैदेंत काढलीं. अशा स्त्रीच्या समाधीचें नेमकें स्थान पुढें लोकांच्या स्मरणांतून गेलें. अलीकडच्या वर्षांत साताऱ्याच्या अभ्यासकांनीं जुने कागद धुंडाळून तें माहुलीस निश्चित केलें, तेव्हां कोठें लोकांची दृष्टि तिकडे वळली. ती वास्तु कोणी पाडली नव्हती. ती कोणाची, हें सांगणारा मात्र उरला नव्हता. समाधीचा खरा नाश पहार लागण्यापूर्वींच, असा विस्मरणानें सुरू होतो.

याच्या उलट कांहीं स्थळें पाहा. सज्जनगडावर रामदासस्वामींनीं १६८२ सालीं देह ठेविला. तेथें आजही नित्य पूजा चालते. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यांत उरूस भरतो. त्याच दर्ग्याच्या आवारांत १९३७ सालीं दक्षिणेच्या प्रवासांत निवर्तलेले अब्दुल करीम खांसाहेब चिरविश्रांति घेत आहेत, आणि उरुसाच्या वेळीं गवई तेथें येऊन गाण्याची हजेरी लावतात. कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधि आहे. दर २५ नोव्हेंबरला तेथें माणसांची रीघ लागते. हीं स्थळें टिकलीं, कारण त्यांच्याकडे जाणारी वाट कधीं मोडली नाहीं. प्रश्न उरतो तो ज्यांना भक्त नाहींत, वंशज नाहींत, त्यांचा. गांवकुसाबाहेर झिजत पडलेल्या वीरगळांचा, सतीशिळांचा, तुळशीवृंदावनांचा; जुन्या कबरस्तानांचा, लिंगायतांच्या दफनभूमींचा आणि महाबळेश्वरीं आपल्या मुलुखापासून दूर मरण पावलेल्या गोऱ्यांच्या थडग्यांचा. ज्याचा वाली कोणी नाहीं, त्याचा वाली गांव, असें मला वाटतें.

हें केवळ भावनेचें बोलणें नव्हे. १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें जी बारावी अनुसूची आली, तींत नगरपालिकांकडे सोंपविण्याजोग्या विषयांत दफनभूमि व दहनभूमि यांचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपालिका कायद्यानेंही मृतांच्या अंत्यविधीसाठीं जागा राखणें हें आवश्यक कर्तव्य ठरविलें आहे. प्राचीन स्मारकांसाठीं १९६० चा निराळा कायदा आहे. पण त्याचें छत्र निवडक वास्तूंवरच असतें. बाकीच्या असंख्य दगडांना सरकारी फलक कधींच लाभणार नाहीं. त्यांची राखण ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिका यांनींच करावयाची आहे.

यावर कोणी विचारील कीं, जिवंत माणसांना पाणी पुरत नाहीं, रस्ते धड नाहींत. मग मेलेल्यांवर पैसा कां उधळावा? प्रश्न रास्त आहे. परंतु जें काम मी सुचवितों, त्याला पैशापेक्षां लक्ष अधिक लागतें. पहिलें काम नोंदीचें. प्रत्येक समाधि, छत्री, कबर व वीरगळ यांची जागा, मोजमाप, लेख आणि छायाचित्र एका वहींत उतरवावें. हें शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलें शिक्षकांच्या देखरेखीखालीं करूं शकतील. मात्र त्या वहींत जात व धर्म पाहून पानें वगळूं नयेत.

दुसरें काम उत्साहाला आवर घालण्याचें. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुन्या दगडावर सिमेंट थापणें आणि वर तैलरंग फांसणें, हा उपाय रोगाहून घातक ठरतो. जुनें बांधकाम चुन्याचें असतें. चुन्यांतून ओल बाहेर पडते. सिमेंटानें ती आंत कोंडते, क्षार सांचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटूं लागतात. सांध्यांत रुजलेला पिंपळही हिसडून उपटूं नये. त्याच्याबरोबर चिरेही निघतात. तो कापून, मूळ मारून, मग सांधा चुन्यानें भरावा.

तिसरें काम पुराचें. कृष्णेनें २००५, २०१९ आणि २०२१ सालीं काय रूप धारण केलें, हें सांगलीकरांना सांगावयास नको. संगमावरच्या समाधींना हें संकट कायमचेंच आहे. पूर ओसरल्यावर गाळ यंत्रानें न खरडतां माणसांच्या हातांनीं काढावा, आणि निखळलेला प्रत्येक चिरा जागच्या जागीं जपावा. आज वाहून गेलेला दगड उद्यां कोणाच्या तरी पायरीला लागलेला दिसतो.

सातारा आणि सांगली हे मूळचे एकाच घरचे भाऊ. १९४९ सालीं दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. जिल्ह्यांच्या सीमा कागदावर बदलल्या. कृष्णा मात्र माहुलीवरून निघून कऱ्हाडावरून सांगलीला पूर्वींसारखीच जाते. तिच्या कांठचे हे दगडही एकाच कुळकथेचीं पानें आहेत, आणि तीं दोघां भावांनीं मिळून सांभाळावयाचीं आहेत.

श्रोतेहो, पुढच्या वेळीं आपण कोणाला पोंचवावयास घाटावर जाल, तेव्हां परततांना क्षणभर थांबून शेजारचा एखादा झिजलेला दगड पाहा आणि तो कोणाचा, हें गांवांतील वडीलधाऱ्यांना विचारा. उत्तर मिळालें, तर तें त्याच दिवशीं लिहून ठेवा. उत्तर देणारेही एक दिवस याच वाटेनें जाणार आहेत.