वहीबाहेरचा तोटा



ही परिषद बुऱ्हाणपूरच्या लालबागेत भरवून संयोजकांनी माझे काम सोपे केले आहे. महामारीचा ताण कुणी कसा सोसला, हे दाखवायला इथून फार दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची ताप्ती मिल इथलीच. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर तीही थांबली. पुढे कामासाठी आणि पगारासाठी तिच्या कामगारांना आंदोलने करावी लागली. मिलचा तोटा निदान सरकारी कागदावर उमटला. बुऱ्हाणपूरच्या गल्ल्यांतल्या यंत्रमागांच्या नशिबी तेही नव्हते.

आधी बँकांचे पाहू. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. मार्च २०२० मध्ये साडेआठ टक्के असलेली थकीत कर्जे वर्षभरात साडेबारा टक्क्यांवर जातील, असा रिझर्व्ह बँकेचा जुलैमधला अंदाज होता. प्रत्यक्षात मार्च २०२१ अखेर ती साडेसात टक्क्यांच्या घरात राहिली.

हे कसे साधले? १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात हप्त्यांना स्थगिती मिळाली. २५ मार्चपासूनच्या थकबाकीसाठी दिवाळखोरीचे नवे अर्ज वर्षभर बंद झाले. तीन लाख कोटींच्या नव्या कर्जांना सरकार हमीदार राहिले. जुनी बुडीत कर्जे निर्लेखित होतच होती. हे उपाय योग्यच होते; ते नसते तर घबराट माजली असती. पण धंद्यात बसलेला फटका अशाने नाहीसा होत नाही, तो कुणाच्या तरी अंगावर पडतोच. उदयोन्मुख अर्थव्यवस्थेत तो बहुधा बँकेच्या वहीत नाव नसलेल्याच्या अंगावर पडतो.

मजुरीवर विणणाऱ्या मागवाल्याचेच पाहा. सूत शेठचे, माग याचा. मजुरी मीटरवर ठरते, पण हातात पडते ती कापड विकले गेल्यावर. माग थांबले तेव्हा बीम अर्धे विणलेले, तयार तागे शेठच्या गोदामात आणि मजुरी त्या ताग्यांत अडकलेली. खोलीचे भाडे मात्र थांबत नाही. हमीचे कर्ज २९ फेब्रुवारी २०२० च्या येणे बाकीच्या वीस टक्के मिळणार होते. ज्याने बँकेचे कर्ज कधी घेतलेच नाही, त्याला शून्याचे वीस टक्के! हप्त्याची सवलतही ज्याला हप्ता आहे त्यालाच. याने उधारी केली ती किराणावाल्याकडे आणि शेठकडे. ती उधारी कुठल्याही अहवालात थकीत कर्ज म्हणून आली नाही.

म्हणून बँकांची प्रकृती सुधारली म्हणजे बाजार सावरला, असे मानण्यात धोका आहे. ताळेबंद नेटका दिसतो, कारण सर्वांत कमकुवत माणूस त्यात नसतोच.

पुढच्या संकटाआधी तीन कामे व्हावीत. मागवाल्याची उद्यम नोंदणी व्हावी. सूत देताना आणि कापड घेताना मीटर, दर, तारीख लिहिलेली चिठ्ठी सक्तीची व्हावी. २००६ च्या लघुउद्योग कायद्यातील, खरेदीदाराने पैसे चुकते करण्याची ४५ दिवसांची मुदत नोंदणीकृत लघुउद्योगासाठी आहेच. ती बजावायला असा पुरावा लागतो. तिसरे काम बँकवाल्यांचे: तारण नाही म्हणून परत पाठवण्यापेक्षा त्याच चिठ्ठीवर खेळते भांडवल द्यावे. आज दुपारच्या सत्रात या तिन्हींचा ठराव मी मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी तो उघड मांडावा, म्हणजे ठराव पक्का होईल.