अनुभव पाहिजे, पण किती वर्षांचा?

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांसाठी ज्या जाहिराती निघतात, त्या एकदा लक्षपूर्वक वाचाव्यात. जावा, पायथन, आणखी पाच-सहा साधने, आणि प्रत्येकापुढे वर्षांचा आकडा. जणू वाण्याकडे धाडावयाची यादीच!

सन २०२० च्या जुलैमध्ये एक मौज घडली. आज्ञावली रचण्याचे ‘फास्टएपीआय’ नावाचे साधन सेबास्तियान रामिरेझ या कोलंबियन गृहस्थांनी निर्माण केले आहे. त्याच साधनाचा ४ वर्षांहून अधिक अनुभव मागणारी जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. साधन जन्मून तर जेमतेम दीड वर्ष झालेले! खुद्द जनकच त्या जागेस अपात्र ठरला. त्यांनी हे जाहीरपणे लिहिले, आणि लोक पोट धरून हसले.

परंतु हसून भागत नाही. अशा यादीत ‘हवेच’ आणि ‘असल्यास बरे’ यांतील भेद पुष्कळदा पुसलेला असतो. धीट उमेदवार निम्म्या अटी पुऱ्या होत नसतानाही अर्ज ठोकून देतो. शब्दाला शब्द मानणारी एखादी प्रामाणिक मुलगी मात्र जाहिरात बाजूला ठेवते. प्रश्न नीट वाचावा, हे आम्ही शिक्षकांनीच तिला शिकविलेले असते ना!

मालकांनी वर्षे मोजण्याऐवजी काम सांगावे. पहिल्या सहा महिन्यांत कोणती आज्ञावली दुरुस्त करावयाची, कोणती नव्याने लिहावयाची? फास्टएपीआय पायथनवरच उभारलेले आहे. पायथन उत्तम जाणणाऱ्यास ते शिकणे जड नाही. त्यासाठी किती अवधी मिळेल, तेवढे जाहिरातीत छापावे.