म्होरकी कोण?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला रात्रीच्या सायकलफेरीबद्दल बोलायला सांगितलंय. येत्या महिन्यात ती पुन्हा काढायची आहे, आणि पोलिसांकडे अर्ज द्यायचा की नाही यावर मागच्या बैठकीत दोन तट पडले. मी तिथूनच सुरुवात करते.

मागच्या वेळी ज्या नव्हत्या त्यांच्यासाठी सांगते. आम्ही तीस-बत्तीस जणी होतो. रात्री साडेनऊला एसटी स्टँडवरून निघालो, बाजारपेठेत आलो आणि पोलिसांची गाडी आडवी आली. पहिला प्रश्न, ‘म्होरकी कोण?’ म्हटलं, कोणी नाही. ‘मग मोर्चा कसला?’ मोर्चा नाही, सायकल चालवतोय. ‘कुठे चाललाय?’ कुठे नाही, फिरतोय. साहेबांना हे शेवटचं उत्तर सगळ्यात झोंबलं. बाई दवाखान्यात चाललीय, देवळात चाललीय, हे समजतं. नुसती फिरतेय म्हणजे काय? सगळ्यांची नावं लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी चौघींच्या घरी फोन गेले. फोन त्यांना नव्हते. एकीच्या वडिलांना, दोघींच्या नवऱ्यांना, एकीच्या दिराला. ‘तुमच्या घरातली बाई रात्री कुठे असते, ठाऊक आहे का?’ त्यातल्या दोघी त्यानंतर बैठकीला आलेल्या नाहीत.

तेव्हा अर्जाखाली नाव घालायचं, ही आपल्यासाठी नुसती कागदाची बाब राहिलेली नाही.

अशा फेऱ्यांची आणि पोलिसांची गाठ इतरत्र कशी पडली, ते मी मुद्दाम शोधून वाचलं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला सप्टेंबर १९९२ मध्ये काही सायकलवाल्यांनी ठरवलं की महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून घरी जायचं. पुढारी नाही, ठरलेला मार्ग नाही. याला नाव पडलं ‘क्रिटिकल मास’. ते आलं चीनमधल्या चौकांच्या वर्णनावरून. सिग्नल नसलेल्या चौकात एकटा सायकलवाला गाड्यांपुढे थांबून राहतो, मागून आणखी येत जातात, आणि पुरेसे जमले की सगळे एकदम रस्ता ओलांडतात. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अंधाऱ्या बोळाच्या तोंडाशी एकटी बाई थांबते आणि तिघी झाल्या की निघते.

ही फेरी पुढे जगभरच्या शहरांत पसरली. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी बरीच वर्षं ती चालू दिली. मग २००४ च्या ऑगस्टमध्ये तिथे रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरायचं होतं. त्याच्या तीन दिवस आधीच्या फेरीला हजारो सायकली आल्या, आणि पोलिसांनी अडीचशेहून जास्त लोकांना पकडलं. माणसं घेरायला नारिंगी प्लॅस्टिकच्या जाळ्या वापरल्या. त्यानंतरच्या फेऱ्यांना खांबांना बांधून ठेवलेल्या सायकलींच्या साखळ्या कापून सायकली उचलून नेल्या. शहराचा प्रश्न आपल्या साहेबांचाच होता: परवाना कुठे आहे? ‘टाइम्स अप’ नावाच्या पर्यावरण संघटनेवर त्यांनी दावा लावला. म्हणजे ज्या फेरीला म्होरक्या नव्हता, तिला सरकारने म्होरक्या शोधून दिला! त्या संघटनेने फेरीची जाहिरातसुद्धा करू नये अशी मागणी होती. २००४ च्या डिसेंबरात केंद्रीय न्यायालयाने फेरी बंद करायला नकार दिला, २००६ मध्ये राज्याच्या न्यायालयानेही दिला. तेव्हा पोलिसांनी आपला नियमच बदलला. २००७ पासून पन्नास किंवा जास्त सायकली एकत्र निघाल्या की परवाना हवा. २०१० मध्ये न्यायालयाने हा नियम मान्य केला.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. जुलै २००८ मध्ये टाइम्स स्क्वेअरच्या चौकात एका नव्या पोलिसाने चालत्या सायकलवरच्या माणसाला धक्का मारून रस्त्यावर पाडलं. कागदावर लिहिलं की सायकलवालाच माझ्या अंगावर आला. अटक झाली ती सायकलवाल्याला. पण कुणीतरी त्या प्रसंगाची फिल्म घेतली होती. ती लोकांनी पाहिली आणि सायकलवाल्यावरचे आरोप मागे घ्यावे लागले. २०१० मध्ये तो पोलिस खोटी कागदपत्रं केल्याबद्दल दोषी ठरला. धक्का मारल्याबद्दल नाही हं, त्यातून तो सुटला. त्याच वर्षी शहराने ८३ सायकलवाल्यांना मिळून ९ लाख ६५ हजार डॉलर देऊन खटला मिटवला. पण तोवर फेरी खूपच रोडावली होती. पैसे मिळाले म्हणून घाबरून घरी बसलेले परत येतातच असं नाही.

सायकलवाल्यांचं सगळंच मला पटलं असंही नाही. घोळका तुटू नये म्हणून दोघे-तिघे आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकल लावून गाड्या अडवून धरतात. त्याला ते ‘बूच लावणं’ म्हणतात. मागे एखादी ॲम्ब्युलन्स अडकली तर? आपण तसं करायचं नाही, असं माझं मत आहे. सिग्नल लाल झाला तर अर्ध्या जणी मागे राहतील, पुढच्यांनी थांबायचं.

लंडनची गोष्ट वेगळी आहे. तिथे १९९४ पासून दर महिन्याला फेरी निघते. २००५ मध्ये पोलिसांनी सायकलवाल्यांच्या हातात पत्रकं दिली, की मिरवणुकीची सूचना सहा दिवस आधी द्या. तारीख, वेळ, मार्ग आणि संयोजकाचं नाव कळवा. त्यांच्या कायद्यात तसं आहे. एका सायकलवाल्याने त्याला आव्हान दिलं. खालच्या कोर्टात जिंकला, वरच्या कोर्टात हरला, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निकाल दिला. रिवाजाने निघणाऱ्या मिरवणुकीला सूचना लागत नाही असं त्याच कायद्यात आहे, आणि मार्ग दर वेळी बदलला तरी ही फेरी रिवाजाचीच आहे, असं लॉर्ड्सनी म्हटलं. पहिली फेरी काढली तेव्हा कुठला आलाय रिवाज? दर महिन्याला काढत राहिले म्हणून तो झाला. तरी २०१२ च्या जुलैमध्ये ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या रात्री तिथेही १८२ जणांना पकडलं.

आणि बायकांची सायकल असली की नियमाचा आडोसाही लागत नाही. २०१६ च्या जुलैमध्ये इराणमधल्या मरीवान या कुर्दी गावात सायकलफेरीला जमलेल्या बायकांना पोलिसांनी ताब्यात घेतल्याच्या आणि ‘पुन्हा असं करणार नाही’ असं लिहून घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या.

आता आपलं. आपल्याकडे पोलिस अधिनियमाच्या ३७ कलमाखाली मनाई हुकूम कधी लागू होईल सांगता येत नाही, आणि लागू असला की पाच जणीसुद्धा जमाव ठरू शकतात. तो हुकूम चालू आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्यायचंच. दुसरं, १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे हिंमतलाल शहा यांचा खटला आला. अहमदाबादच्या पोलिसांनी रस्त्यावर सभा घ्यायला परवानगी नाकारली होती. न्यायालयाने म्हटलं, पोलिस सभेचं नियमन करू शकतात. मनाला येईल तशी परवानगी नाकारण्याचा अधिकार त्यांना देणारा नियम चालणार नाही. तो नियम मुंबई पोलिस कायद्याखालचाच होता. ही माहिती प्रत्येकीजवळ असावी. आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण लागतं, महिला पोलिस लागते आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते. पूर्वी हे ४६ व्या कलमात होतं, नव्या संहितेत ४३ व्या आहे.

अर्ज नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की फिरायला परवानगी कसली? मला ते पटतं. हवा म्हणणाऱ्या सांगतात, पुन्हा घरी फोन गेले तर आणखी चौघी गळतील. तेही खोटं नाही. मी एवढंच सुचवते की अर्ज न करता पत्र द्यावं. ‘परवानगी मिळावी’ हे शब्द त्यात नकोत. अमुक तारखेला, अमुक वेळी, आम्ही बायका सायकलवर या रस्त्यांनी जाणार आहोत, हे कळावे. आवक क्रमांक घालून पोच घ्यायची. खाली संघटनेचं नाव, आणि सह्या? ज्यांच्या घरी फोन आला तरी फरक पडत नाही अशा आम्ही म्हाताऱ्या सात-आठ जणी आहोत. पहिल्या सह्या आमच्या. त्या दोघींच्या घरी मी आणि आपल्या शिवणवर्गाच्या ताई रविवारी जाऊन येणार आहोत, सायकलफेरीचा विषय न काढता.

पत्राचा मसुदा मी आणलाय. चहानंतर वाचू. मोबाइलवर चित्रण कोण करणार ते आधी ठरवा, आणि ज्यांच्या सायकलला दिवा नाही त्यांनी आजच नावं द्या.