परीक्षेच्या हॉलमधली करंगळी

(आपल्या डिसेंबरमधल्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘शिक्षण आणि स्त्री-आरोग्य’ असा भारदस्त विषय छापलाय. मी बोलणार आहे लघवीवर. हसा, हसून घ्या. आपण बलात्काराच्या कायद्यावर दोन-दोन तास बोलतो, हुंड्यावर बोलतो, पण हा शब्द माईकवर आला की सभागृहात चुळबुळ होते. मग अठरा वर्षांची पोरगी पुरुष पर्यवेक्षकासमोर, चोवीस मुलामुलींच्या देखत, करंगळी वर कशी करणार?

मी बावीस वर्षं तालुक्याच्या गावी बारावीच्या वर्गांना शिकवलं. जवळजवळ प्रत्येक फेब्रुवारी-मार्चला परीक्षेची ड्यूटी केली. एका हॉलमध्ये पंचवीस परीक्षार्थी. तीन तासांत दोन-तीन मुलं तरी उठून बाहेर जाऊन येतात. मुली उठत नाहीत. एकदा स्टाफरूममध्ये मी हे बोलले, तर एक सर म्हणाले, ‘‘मुलींचा कंट्रोल चांगला असतो हो.’’ कंट्रोल! अहो, सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नाही, त्याला तुम्ही कंट्रोल म्हणता?

जरा हिशेब मांडू. पेपर अकराला, हॉलमध्ये साडेदहाला हजर. आमच्याकडं वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुली सातच्या एसटीनं निघायच्या, कारण पुढची गाडी वेळेवर येईल याचा भरवसा नाही. २०२३ पासून बोर्डानं शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली, म्हणजे तीन तासांचा पेपर सुटतो दोन वाजून दहा मिनिटांनी. परतीची गाडी धरून घरी पोचायला चार. नऊ तास. आणि या नऊ तासांत स्टँडवरची मुतारी बाईनं पाय ठेवावा अशी नाही, शाळेतली इमारतीच्या मागं, मुलांच्या मुतारीला लागून. कडी तुटकी, नळाला पाणी नाही, बादली आहे तर तांब्या नाही. सोबत पाठवायला शिपाई आहे, तो पुरुष. मुली याचं उत्तर एकच काढतात, पाणी प्यायचं नाही. आईही तेच सांगते, कारण तिनं जन्मभर तेच केलंय. शेतात, बाजारात, लग्नघरी.

पाणी न प्यायल्यानं लघवी थांबत नाही, ती घट्ट होते. घट्ट लघवी मूत्राशयाला टोचते, जळजळ होते आणि लागल्यासारखं जास्तच वाटतं. दीड-दोनशे मिलिलिटर साठलं की मेंदूला पहिली सूचना जाते, मूत्राशयात चारशे-पाचशे मावतं. मधला काळ माणूस निभावून नेऊ शकतो, पण परीक्षेच्या धास्तीनं ती सूचना लवकर आणि वारंवार येते. हे सगळ्यांनाच होतं, मुलग्यांनाही. आपल्या बाबतीत फरक असा की बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची. जंतू आत जायला वेळ लागत नाही, आणि लघवी तुंबवून ठेवली तर त्यांना वाढायला आयती सवड मिळते. परीक्षा संपल्यावरच्या आठवड्यात मुली ताप आणि जळजळ घेऊन दवाखान्यात येतात हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याला योगायोग म्हणणं मला जमत नाही. शिवाय शरीरात पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, लक्ष लागत नाही. म्हणजे जो पेपर चांगला जावा म्हणून पोरगी तहानलेली बसते, तोच त्यानं बिघडतो.

बोर्डाच्या परीक्षेत निदान वेळ थोडी सैल असते. डॉक्टर व्हायची प्रवेशपरीक्षा घ्या, नीट. २०२५ साली तिच्यात १८० प्रश्न होते आणि १८० मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिट, बरोबर उत्तराला चार गुण. बाहेर जाऊन यायला आठ मिनिटं धरा. मुलगा आठ मिनिटांत येईलही. पाळी आलेली मुलगी जिना उतरून, रांगेत थांबून, पॅड बदलून, हात धुवून आठ मिनिटांत येईल का? बारा धरा. बारा प्रश्न, अठ्ठेचाळीस गुण. एकेका गुणावर हजारो मुलं ओळीनं उभी असतात तिथं अठ्ठेचाळीस. मग ती मुलगी उठत नाही, रक्त कपड्यापर्यंत येऊ देते आणि ओढणी कमरेला बांधून बाहेर पडते. ही परीक्षा दुपारी दोनला, फाटक दीडला बंद, आणि रांग अकरापासून, मे महिन्याच्या उन्हात. हा सगळा वेळ परीक्षेच्या १८० मिनिटांत कुणी मोजत नाही, शरीर मात्र मोजतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलीनं मोठ्या माणसांचा डायपर घालून पेपर दिला. तिला वाटलं मी रागवेन. मी काय रागवणार? पोरीनं गणित केलं होतं आणि गणित बरोबर होतं.

त्यात झडती. २०२२ च्या जुलैमध्ये केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या एका केंद्रावर नीटला आलेल्या मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावली, कारण हुकाच्या धातूनं यंत्र वाजलं. देशभर ओरड झाली, अटका झाल्या. २०१७ साली कन्नूरलाही असंच घडलं होतं. आणि २०२४ मध्ये जेईई मेनसाठी जाहीर झालं की स्वच्छतागृहात जाऊन आलेल्याची पुन्हा झडती आणि पुन्हा बोटाचा ठसा. कागदावर हा नियम मुलामुलींना सारखाच आहे. पण ज्या मुलीला एकदा झडतीत नकोसं झालंय, ती दुसऱ्यांदा त्या टेबलासमोर जायला नको म्हणून जागेवरून हलणारच नाही.

आता तुमच्यापैकी ज्या शिक्षिका आहेत त्यांच्या मनात एक प्रश्न आला असेल, म्हणून मीच विचारते. कॉपीचं काय? खरं आहे. चिठ्ठ्या संडासातच सापडतात. खिडकीच्या फटीत, टाकीमागं, कधी बाहेरून कुणी सरकवलेल्या. मी स्वतः काढल्यात. पण त्यावर उपाय संडास तपासणं हा आहे. पेपरआधी एकदा आणि मध्ये एकदा आत जाऊन बघा, दाराशी एक बाई बसवा. आपल्याकडं भरारी पथकाला जीप मिळते, पण मुलींच्या संडासाशी बसायला एक मावशी मिळत नाही. कॉपीच्या नावाखाली पंचवीसातल्या चोवीस प्रामाणिक पोरांना कोंडून ठेवणं सोपं पडतं, एवढंच.

दुसरा आक्षेप येतो तो वेळेचा. ‘‘एकीला दहा मिनिटं वाढवून दिली तर सगळेच मागतील.’’ मागू द्या की. परीक्षेची वेळ काही आकाशातून उतरलेली नाही. बोर्डानंच दहा मिनिटं वाढवली, आभाळ कोसळलं नाही. लेखनिक घेणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांना तासामागं वीस मिनिटं जादा द्यायची, अशी केंद्र सरकारची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आणि ही सवलत कुणी प्रेमानं वाटलेली नाही, अपंगांच्या चळवळीनं भांडून मिळवली.

अमेरिकेतलं एक प्रकरण तुम्हाला सांगण्याजोगं आहे. सोफी करिअर नावाची वैद्यकीय विद्यार्थिनी, मॅसॅच्युसेट्स राज्यातली. २००७ साली तिला डॉक्टरीच्या परवान्याची परीक्षा द्यायची होती, नऊ तासांची, मध्ये सगळी मिळून पंचेचाळीस मिनिटांची सुट्टी. घरी अंगावर पिणारी मुलगी. दूध काढलं नाही तर छाती दगडासारखी होते, ताप येतो, हे इथं बसलेल्या आयांना मी सांगायला नको. तिनं दूध काढायला एक तास जादा मागितला. परीक्षा मंडळ नाही म्हणालं, खालचं कोर्टही नाही म्हणालं. अपिलात न्यायमूर्तींनी तो तास दिला. पुढं २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही तिच्या बाजूनं निकाल दिला. आपल्याकडं शिक्षकभरतीच्या, पोलीसभरतीच्या परीक्षांना फाटकाबाहेर आजीच्या मांडीवर रडणारी बाळं दिसतात. आत आईचा पदर भिजलेला असतो. त्यांच्यातली कुणी अजून कोर्टात गेलेली माझ्या माहितीत नाही.

कोर्टाचं नाव निघालं म्हणून सांगते. शहरांत बायकांसाठी स्वच्छतागृहं हवीत म्हणून ‘मिळून साऱ्याजणी’नं मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. डिसेंबर २०१५ मध्ये निकाल लागला. कोर्टानं हा प्रश्न सन्मानानं जगण्याच्या हक्काशी, घटनेच्या एकविसाव्या कलमाशी जोडला आणि महापालिकांना आदेश दिले. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालली, तिथल्या बायकांनी वस्त्यावस्त्यांत फिरून मुताऱ्या मोजल्या, कुठं पैसे घेतात ते लिहून काढलं. रस्त्यावरच्या बाईसाठी एवढं झालं. परीक्षेच्या हॉलमधल्या मुलीपर्यंत मात्र हे अजून नीट पोचलेलं नाही. शिक्षणहक्क कायद्यात मुलींसाठी वेगळ्या स्वच्छतागृहाचा निकष आहे, पण तो कायदा आठवीपर्यंतचा. आमची मुलगी बारावीला, आणि पुष्कळदा केंद्र दुसऱ्याच गावच्या शाळेत.

मग मुलींना काय सांगायचं? मी जे सांगते ते सांगते, तुम्ही आपापल्या गटात भर घाला. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्या, सकाळीही नेहमीसारखं प्या, मग पेपरच्या आधीच्या तासात फक्त घोट-घोट. चहा-कॉफी त्या दिवशी नको, त्यानं लघवी वाढते. केंद्र आदल्या दिवशी बघायला जाता ना, तेव्हा नंबर कुठं आलाय ते बघता तसा संडासही बघा, किती पावलं लागतात ते मोजा. झडतीच्या रांगेत लागण्याआधी एकदा जाऊन या, लागलेली नसली तरी. मध्ये जायचंच असेल तर अगदी असह्य होईपर्यंत थांबू नका, एखादा विभाग संपला की उठा. असह्य झालेल्या अवस्थेत वाचलेल्या चार प्रश्नांपेक्षा शांतपणे वाचलेले तीन बरे. काही परीक्षांत सुरुवातीला आणि शेवटी बाहेर सोडत नाहीत, ते सूचनापत्रकात आधी वाचा. पॅड आत नेता येतं का हेही त्यातच शोधा, आणि लिहिलेलं नसेल तर केंद्रावर आधीच विचारा, जमलं तर लेखी. झडती घेणाऱ्या बाईला सरळ सांगा, पाळी आलीय.

पाळी पुढं ढकलण्याच्या गोळीबद्दल दरवर्षी विचारतात. नॉरएथिस्टेरॉन, पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करतात. मैत्रिणीच्या पर्समधून किंवा मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. रक्ताच्या गाठीचा किंवा यकृताचा त्रास असलेल्यांना ती चालत नाही. कुणाला मळमळ होते, कुणाला डोकेदुखी, आणि हे पहिल्यांदा परीक्षेच्याच आठवड्यात कळायला नको. डॉक्टरांना दोन महिने आधी भेटा. पोटदुखीची गोळीही काहीतरी खाऊन घ्यायची, उपाशीपोटी नाही. आणि ज्या मुलीला मधुमेह आहे किंवा मूत्रमार्गाचा जुना त्रास आहे, तिनं डॉक्टरांचं पत्र अर्जाच्या वेळीच जोडावं. ऐनवेळी हॉलमध्ये कुणी ऐकत नाही.

एवढं सांगितलं तरी सगळं ओझं शेवटी पोरीच्याच अंगावर राहतं. ते उतरवायचं काम आपलं. शेवटची काही वर्षं मी पेपर वाटण्याआधी हॉलमध्ये मोठ्यानं एक वाक्य म्हणायचे. ‘‘लघवीला जायचं असेल तर हात वर करा, मुलींसोबत मावशी आहेत, आत पाणी आहे, पॅड मावशींकडं आहेत.’’ पहिल्या वर्षी मुलं फिदीफिदी हसली, मुलींनी माना खाली घातल्या. पण दीड तासानं एक हात वर आला. मग दुसरा. त्या मार्चमध्ये माझ्या हॉलमधून रोज तीन-चार मुली जाऊन यायच्या. शेजारच्या हॉलमधले सर मला म्हणाले, तुमच्या वर्गातल्या मुलींना फार लागते बुवा. पॅडचं पाकीट मी स्वतःच्या पैशानं आणायचे, आणि मावशींना त्या वेळेपुरतं दुसऱ्या कामातून सोडवायला मुख्याध्यापकांशी दोनदा वाजलं. ते असू दे.

जानेवारीत केंद्रांची यादी हातात पडते. आपल्याला काय बघायचंय ते साधं आहे. मुलींसाठी संडास किती, कडी लागते का, पाणी येतं का, दिवा आहे का, केराची झाकणाची बादली आहे का, सोबत जाणारी बाई कोण, मजल्यावर सुटका द्यायला महिला पर्यवेक्षक आहे का. आणि केंद्रसंचालकांकडून एक गोष्ट लेखी मागायची, बाहेर जाऊन येण्यात गेलेली मिनिटं शेवटी भरून द्याल का? ‘नाही’ म्हणाले तरी ते लिहून घ्यायचं. हे कागद आपण विभागीय मंडळाकडं एकत्र घेऊन जाणार आहोत, सुटे नाही. आणि आठ मार्चचा कार्यक्रम ठरवताना जरा आठवण ठेवा, तो दरवर्षी या परीक्षांच्या दिवसांतच येतो, केंद्राशेजारी लाऊडस्पीकर लावू नका.

छापील तक्ते दाराजवळच्या टेबलावर आहेत. चहानंतर तालुक्यांप्रमाणं बसू. ज्यांच्या गावात केंद्र आहे त्यांनी पुढच्या रांगेत यावं, आणि ज्यांच्या घरी यंदा बारावीची मुलगी आहे त्यांनी तिचं केंद्र कोणतं ते तक्त्याच्या मागं लिहून ठेवावं.