मुलांचा खेळ, पडदा आणि अक्षर

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालकांपुढे केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची, परीक्षा 1974 साली उत्तीर्ण होऊन व पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन आम्ही 1976 साली प्राथमिक शाळेत लागलो आणि 2015 साली निवृत्त झालो. त्यांतील बहुतेक काळ पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेला. तेव्हा आम्हांस जे थोडेबहुत कळते ते लहान मुलांविषयी. आणि सांप्रत लहान मुलांविषयी बोलावयाचे तर त्यांच्या हातांतील मोबाईलविषयी बोलल्यावाचून गत्यंतर नाही.

प्रारंभीच सांगतो की, मोबाईल वाईट आहे, तो काढून घ्या, एवढाच उपदेश करण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. तो उपदेश करणे सोपे आहे. परंतु ज्या घरी आई दिवसभर मशीनवर बसून नगावर कपडे शिवते, त्या घरी तो पाळणे किती कठीण आहे हे आपल्या शिंपी समाजास कोणी सांगावयास नको. आमचा प्रश्न निराळा आहे. पडद्यावर खेळणाऱ्या मुलास अक्षर केव्हा येते, आणि केव्हा येत नाही?

आमचे स्वतःचे बालपण वडिलांच्या दुकानातील पायमशीनच्या आसपास गेले. कापडाच्या चिंध्या, रिकामी रिळे आणि मोडका खडू ही आमची खेळणी. साठ इंची टेप गळ्यात अडकवून आम्ही मांजराचे माप घेत असू, आणि वडील मशीन न थांबविता विचारीत, "किती भरलं रे?" शाळेत जाण्यापूर्वी आम्हांस आकडे आले ते त्या टेपेवरून. वडील मापवहीत उंची, छाती, बाही, गळा असे लिहीत. तेच शब्द आम्ही आयुष्यात प्रथम वाचले; कारण ते कशाकरिता लिहिले आहेत हे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. वडिलांनी आम्हांस मुद्दाम बसवून शिकविले असे नव्हे. त्यांस तेवढी फुरसत कधीच नसे. परंतु खेळणाऱ्या मुलास प्रश्न विचारणारे एक माणूस जवळ होते.

आता आमच्याच घरची एक गोष्ट सांगतो. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा व दुकाने बंद झाली. चिरंजीव व सूनबाई घरी मास्क शिवीत असत. आमची नात तेव्हा चार वर्षांची होती. तिचा हात मशीनच्या सुईखाली जाऊ नये व कामात खंड पडू नये म्हणून तिच्या हाती मोबाईल देण्यात आला. तो दुसऱ्या कोणी दिला नाही, आम्हीच दिला. एकोणचाळीस वर्षे लहान मुलांस शिकविलेल्या माणसाने दिला, हे कबूल केले पाहिजे.

सहा महिन्यांत तिला रंगांची व प्राण्यांची इंग्रजी नावे आणि अक्षरांची गाणी पाठ झाली. आल्यागेल्यापुढे तिला म्हणावयास लावून आम्ही धन्यता मानीत होतो. पडद्यावर बोट फिरवून ती 'क' गिरवी. लागलीच तारे चमकत व टाळ्या वाजत. एके दिवशी आम्ही पाटीवर नुसता 'क' काढून तिला विचारले, "बाळ, हे काय आहे?" ती गप्प. आम्ही म्हणालो, "अगं, हा तर तुझा कमळाचा क!" तेव्हा ती पाटीकडे निरखून पाहत म्हणाली, "पण आजोबा, इथे कमळ कुठे आहे?" आणि थोड्या वेळाने, "मोबाईलमध्ये पुढे काय येतं ते मला माहीत असतं."

बंधुभगिनींनो, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. मुलीस क्रम पाठ होता, चित्र पाठ होते. अक्षर मात्र आले नव्हते. सर्व दोष यंत्राच्या माथी मारून मोकळे होणे सोयीचे होते. परंतु आम्हांस आमचा वर्ग आठवला. पुस्तकाचे पहिले पान घडाघडा म्हणणाऱ्या मुलास मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारले, म्हणजे ते पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणू लागे. तेव्हा मोबाईल कोठे होता? अर्थावाचून पाठ करून घेण्याचा दोष आम्हां शिक्षकांचा जुनाच आहे. यंत्राने त्यास केवळ रंग व टाळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मोबाईल तिच्या एकटीच्या हाती देणे बंद केले. तो दोघांच्या मध्ये ठेवू लागलो. एक गोष्ट लावावयाची, मध्येच थांबवावयाची आणि विचारावयाचे, "आता हा ससा काय करील?" प्रारंभी ती चिडे; पुढे स्वतःच थांबवून आम्हांस विचारू लागली. तिने बाहुलीचा झगा बेतला, आम्ही त्याचा फोटो काढला, आणि दूर सासरी असलेल्या आत्यास तो पाठविताना तिने आपल्या आवाजात निरोप भरला. आत्याचे उत्तर लिहून आले. ते काय आहे हे जाणण्याची तिला जी तळमळ लागली, ती त्या ताऱ्यांनी व टाळ्यांनी सहा महिन्यांत कधी लागली नव्हती. मग तिने बाहुलीची मापवही केली. तीत पहिला शब्द लिहिला तो 'गळा', आणि 'ळ' उलटा काढला. आम्ही तो सुधारण्याची घाई केली नाही.

हा अनुभव आमच्या एका घरचा. आता शाळेकडे पाहू. आमच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षी लोकवर्गणीतून शाळेत मोठा पडदा आला. कवितेचे हलते चित्र लागताच सारा वर्ग चिडीचूप बसे, आणि आम्ही मनात संतोष पावत असू. काही दिवसांनी ध्यानात आले की, पहिलीच्या वर्गातील अशी शांतता ही नेहमीच शुभ खूण नसते. ज्या वयात मुलाने बडबडावे, त्या वयात ते केवळ पाहत होते. मग आम्ही चित्र थांबवून मुलांस बोलते करू लागलो. पाच मिनिटांचे चित्र अर्धा तास पुरू लागले व वर्गात पुन्हा गलका सुरू झाला.

'असर' या नावाने ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी होत असते. तिच्याप्रमाणे, शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचे प्रमाण 2018 मध्ये शेकडा 36.5 होते, ते 2021 मध्ये 67.6 झाले. तथापि फोन असलेल्या घरांतीलही सुमारे एक चतुर्थांश मुलांस तो अभ्यासाकरिता मिळतच नव्हता. आता वाचनाचे पाहा. शासकीय शाळांतील तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले 2022 मध्ये सुमारे 16 होती आणि 2024 मध्ये सुमारे 23. सुधारणा झाली हे खरे. परंतु उरलेल्या 77 मुलांचे काय? फोन आल्यामुळे वाचन बुडाले, असा अर्थ आम्ही यातून काढीत नाही. फोन घरात आला म्हणून वाचन आपोआप येत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यंत्राचा सदुपयोग होऊ शकतो याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांस 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले, ही गोष्ट सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्यांच्या शाळेतील मुलींची घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी ती भाषा शिकून पुस्तके त्या भाषेत आणली, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. आधी मुलाची भाषा, मग यंत्र, असा तो क्रम आहे. आपण मात्र मुलास जेमतेम मराठी बोलता येऊ लागले, तोच परक्या भाषेतील गाणी त्याच्यापुढे लावून देतो व त्यास शिक्षण समजतो.

बालशिक्षणाचा विचारही आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका यांनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे 1945 साली बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाईंनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांकरिता काम केले. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. पाने, शिंपले, बिया, खडे ही त्यांची साधने. 2020 सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही वयाच्या तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा काळ हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळास मोठे स्थान दिले आहे. पडदा हेही एक साधन होऊ शकेल. मात्र खड्याशी खेळताना मुलाचा हात चालतो व तोंडही चालते, तसे पडद्याशी खेळतानाही चालले पाहिजे.

आता काळाच्या मर्यादेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले की, दोन ते चार वर्षांच्या मुलाने बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाकाठी एक तासाहून अधिक नसावा. कमी असेल तितका उत्तम. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही मत असे की, दोन वर्षांखालील मुलास पडदा दाखवूच नये. त्यास अपवाद एकच, तो म्हणजे नातेवाइकांशी क्वचित होणारे चित्रसंभाषण. हा अपवाद विचार करण्याजोगा आहे. तेथे पडद्यापलीकडे माणूस असते आणि ते मुलास उत्तर देते.

पालकांस आमची विनंती थोडीच आहे. मुलास जेवताना व निजताना पडदा देऊ नये. जो काही वेळ द्यावयाचा, त्यातील निदान पाव तास कोणी तरी जवळ बसून त्याच्याशी बोलावे. पडद्यावर जे पाहिले ते पाटीवर, कागदावर वा चिंधीवर उतरवू द्यावे. आणि ज्या माउलीस मशीनवरून उठता येत नाही तिने हातातले काम करता करता, "काय पाहतोस? मला सांग," एवढे तरी विचारावे. आमच्या वडिलांनी त्याहून अधिक काही केले नव्हते.

आजी-आजोबांस मात्र आम्ही अधिक स्पष्ट सांगतो, कारण आम्ही त्यांच्यातलेच आहोत. आपणांस वेळ आहे, आणि आपलाच डोळा दिवसभर मोबाईलवर असतो. नातवंडांस आपण काय सांगणार?

शेवटी मंडळास एक सूचना. आपण दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा गौरव करतो. तो अवश्य करावा. परंतु त्या गुणांचा पाया पाचव्या-सहाव्या वर्षी घातला जातो. मंडळाच्या कार्यालयात मराठी चित्रपुस्तकांची एक पेटी ठेवावी, आणि दर रविवारी सकाळी तासभर ज्ञातीतील वडीलधाऱ्यांनी लहान मुलांस जवळ घेऊन वाचून दाखवावे. ज्यांस पुस्तके घेणे परवडत नाही, त्यांच्याकरिता 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी विनामूल्य आहेत. त्या मोबाईलवरच मांडीवर घेऊन वाचाव्यात. पेटीचा पहिल्या वर्षाचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ, आणि पहिल्या रविवारी वाचावयासही आम्हीच बसू.

संतशिरोमणी नामदेव महाराजांची वाणी महाराष्ट्रातून पंजाबापर्यंत पोहोचली, ती माणसाने माणसाशी बोलून. आपल्या घरातील बोलणे आपल्या मुलांपर्यंत पोहोचावे, एवढीच आमची इच्छा आहे.